स्फोटांचे तर्क आणि जमाखर्चाची वही

विदर्भात एखादा कारखाना फुटला की दोन गोष्टी हमखास घडतात. शासन मदतीचा आकडा जाहीर करते आणि गावोगाव तर्कांचे अमाप पीक येते. गेल्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टी इतक्या वेळा घडल्या आहेत की त्यांचा विचार आता अपघात म्हणून सुटा-सुटा करता येणार नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर-अमरावती मार्गावरील बाजारगावच्या सोलर कंपनीत ९ कामगार मेले. त्यांत ६ स्त्रिया होत्या. १३ जून २०२४ रोजी त्याच मार्गावर धामण्याच्या चामुंडी कंपनीत स्फोट झाला. आधी मरण पावलेल्या ६ जणांत ५ स्त्रिया, बहुतेक विशी-पंचविशीच्या, आणि पुढे रुग्णालयात हा आकडा वाढत गेला. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ८ बळी. १६ फेब्रुवारीला काटोल तालुक्यात कोतवालबड्डीच्या फटाका कारखान्यात २. ११ एप्रिलला उमरेडच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमची भुकटी बनविणाऱ्या कारखान्यात ५. आणि सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच बाजारगाव, तोच कारखाना, या खेपेस मध्यरात्री. पावणेदोन वर्षांत, नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत!

आमच्या किन्हीराजाच्या पारावर या मालिकेची जी कारणे सांगितली जातात ती कोणत्याही गावच्या पारावर ऐकू येतील. कोणी म्हणतो शत्रूराष्ट्राचा हात आहे, नाही तर नेमके दारूगोळ्याचेच कारखाने का उडावेत? कोणी खाजगीत सांगतो की मालकानेच विम्यासाठी घडवून आणले. कोणाला ती जमीनच अशुभ वाटते. आणि जो स्वतःस अधिक व्यवहारी समजतो तो सांगतो की कोणा पोराने आत बिडी शिलगावली असेल, नाही तर मोबाईल नेला असेल. शिकलेल्यांचे तर्क जरा सफाईदार असतात इतकेच. 'तांत्रिक बिघाड', 'मानवी चूक' आणि सगळ्यांत लाडका म्हणजे 'बॉयलर फुटला'. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीचा स्फोट झाला तेव्हा पहिली बातमी बॉयलरची होती. २३ मे २०२४ ला त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला तेव्हाही पहिली बातमी बॉयलरचीच होती. दोन्ही वेळी ती टिकली नाही. अमुदानमध्ये फुटली ती रासायनिक अभिक्रियेची टाकी, जिला कामगार रिॲक्टर म्हणतात. या दोन स्फोटांत आठ वर्षांचे अंतर होते, तीन दिवस कमी. मधल्या काळात, २०२२ साली, दीडशेहून अधिक धोकादायक कारखाने पाताळगंगेस हलविण्याचा निर्णय जाहीर होऊन गेला होता. आणि प्रोबेसच्या चौकशीचा अहवाल? तो लोकांपुढे यायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला.

पारावरच्या तर्कांना हसण्याचा अधिकार म्हणूनच कोणास नाही. ज्या समाजात माणसे मेल्याचे कारण अधिकृतपणे, वेळेवर आणि समजेल अशा भाषेत कधीच सांगितले जात नाही, तेथे लोक कारण स्वतः बनवतात. अफवा ही अहवालाच्या रिकाम्या जागी उगवते. आक्षेप आहे तो वेगळाच. हे सारे तर्क दिसायला परस्परविरुद्ध असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: दोष कोठल्या तरी एका हातात आहे. तो शत्रूचा असेल, मालकाचा असेल, बिडी ओढणाऱ्याचा असेल. तो हात सापडला की प्रश्न मिटला. कारखाना तसाच चालू राहायला मोकळा.

घातपाताच्या तर्काचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटले. युद्धाचे दिवस, जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपलेला. जपानी हेरांचे नाव ओठांवर येणे स्वाभाविकच होते. प्रत्यक्षात त्या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्याच पोटात कापसाच्या हजारो गाठी भरल्या होत्या. चौकशीचे बोट वळले ते या रचनेकडे. कापूस स्फोटकांखाली ठेवला, धोकादायक माल असल्याचा लाल बावटा लावला नाही, स्फोटके उतरविण्यास दिरंगाई केली, अग्निशमन दलास वर्दी उशिरा दिली. या दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आजही पाळला जातो. त्या दिवसाच्या भाषणांत शौर्याबद्दल पुष्कळ बोलतात, कापसाबद्दल क्वचित.

भोपाळचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे घातपाताचा तर्क कंपनीनेच विकत घेतला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारो माणसे मेली. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, १९८८ साली, युनियन कार्बाइडच्या बाजूने आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेचा अभ्यास पुढे आला. कोणा असंतुष्ट कामगाराने नळी जोडून मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत मुद्दाम पाणी सोडले, असा त्याचा निष्कर्ष होता. घटकाभर हे खरे मानू. मग टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद कोणी ठेवली होती? वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून कोणी ठेवला होता? त्या विभागातील माणसे निम्म्यावर कोणी आणली होती? एका माणसाच्या हातातील पाण्याची नळी जर अर्धे शहर मारू शकत असेल, तर गुन्हा नळीचा मानायचा की कारखान्याचा? घातपाताच्या तर्काला हा प्रश्न कधीच सुचत नाही.

फ्रान्समधील तुलूझ येथे २१ सप्टेंबर २००१ रोजी खताचा कारखाना फुटून ३१ माणसे मेली. न्यूयॉर्कचे मनोरे पडून अवघे दहा दिवस झाले होते. मृतांतील एका हंगामी कंत्राटी कामगाराच्या अंगावरच्या कपड्यांवरून तो आत्मघातकी असावा असा संशय घेतला गेला. त्याच्या नावावरून त्याचा धर्म कळत होता, हे सांगणे न लगे. सोळा वर्षे खटले चालले. २०१७ साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने कंपनीस आणि कारखान्याच्या व्यवस्थापकास निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले आणि २०१९ मध्ये तो निकाल कायम झाला. अमोनियम नायट्रेटच्या टाकाऊ साठ्यात क्लोरीनयुक्त पदार्थ मिसळला गेला होता, आणि टाकाऊ मालाची ती ने-आण कंत्राटदारांच्या माणसांवर सोपविलेली होती.

म्हणून आपण आपल्या कारखान्यांकडे वळताना 'कोणी केले' हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू आणि 'कसे ठेवले होते' हे विचारू. स्फोटके स्वभावतःच फुटणारी असतात, त्याला कोण काय करणार, असे कारखानदारांचे वकील म्हणतात. पण या धंद्याचे सारे शास्त्र नेमके याच गृहीतावर उभे आहे. स्फोट होणारच आहे असे धरून इमारती एकमेकींपासून ठराविक अंतरावर बांधतात, मध्ये मातीचे बांध घालतात, आणि प्रत्येक इमारतीत एका वेळी किती किलो माल व किती माणसे असू शकतील याची मर्यादा ठरवितात. हेतू स्पष्ट आहे. स्फोट टळला नाही तरी त्यात सापडणारी माणसे कमीत कमी असावीत. शक्य तेथे माणूस नसावाच, काम दुरून व्हावे. तेव्हा एकाच खोलीत नऊ माणसे मेली असे ऐकल्यावर विचारायचा पहिला प्रश्न ठिणगी कोठून आली हा नव्हे. त्या खोलीची माणसांची मर्यादा किती होती आणि आत किती माणसे होती, हा आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. ती ओळ मात्र मंत्र्यांच्या कोणत्याही निवेदनात आढळत नाही.

उमरेडचे तसेच. ॲल्युमिनियमचे भांडे चुलीवर ठेवले तर काही होत नाही. त्याचीच मैद्यासारखी भुकटी हवेत उधळली तर एक ठिणगी पुरते. शेताशेजारच्या जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीची आग पाहिलेल्या आमच्या भागातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी धूळ साचू न देणे, हवा खेळती ठेवणे, स्थिर विद्युत जमिनीत उतरविणे हीच सुरक्षा. आणि ती रोजच्या रोज, पाळीगणिक करावी लागते. रासायनिक टाक्यांचे शास्त्रही काही गूढ नाही. अभिक्रियेतून निघणारी उष्णता शीतक यंत्रणेने काढून न्यावी लागते. ती थांबली की टाकीतील उष्णता स्वतःच स्वतःला वाढवीत जाते, आणि दाब सोडणारी झडप वेळेवर उघडली नाही तर टाकी फुटते. यातली प्रत्येक गोष्ट पैशाची आहे. झडप पैशाची, शीतक यंत्रणा पैशाची, धूळ झाडणारा माणूस पैशाचा. आणि येथे माझ्या विषयाची हद्द सुरू होते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक मोहक सिद्धांत आहे. त्याचे मूळ ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात सापडते. अप्रिय कामाला माणूस मिळायचा तर वेतन जास्त द्यावे लागते, असे स्मिथने मांडले; पुढच्या पुस्तकांनी तो नियम धोक्याला लागू केला. जितका जीवाला धोका अधिक तितका पगार अधिक, म्हणून धोका कमी करणे मालकाच्याच हिताचे. हा सिद्धांत वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला जातो. तो खरा होण्यास एक अट आहे: कामगाराला 'नाही' म्हणता आले पाहिजे. वाशीम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा. आकांक्षित हा मागासचा नवा समानार्थी शब्द. येथे कोरडवाहू सोयाबीनचा भाव पडला, की किन्हीराजावरून पुण्या-नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत बारावी झालेली पोरे पिशव्या घेऊन चढतात. काम काय, हे त्यांना कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलेले असते, आणि ते बहुधा 'पॅकिंग'चे असते. खोकी भरायची. खोक्यात काय, हे तेथे गेल्यावर कळते. ज्या मुलीला गावात शेतमजुरीशिवाय दुसरा पर्याय नाही तिला धोक्याचा वेगळा भाव मिळत नाही. आणि म्हणूनच मृतांच्या यादीत स्त्रिया इतक्या. स्फोटकांच्या कारखान्याचा सर्वांत स्वस्त कच्चा माल अमोनियम नायट्रेट नव्हे, ग्रामीण बेकारी आहे.

आता मृत्यूचा भाव पाहू. कामावर मृत्यू आल्यास नुकसानभरपाई कशी मोजायची याचे सूत्र १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते उतरले आहे. मासिक वेतनाचा निम्मा हिस्सा घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वीस वर्षांच्या व्यक्तीसाठी तो गुणक २२४ आहे. महिना १०,००० रुपये मिळविणारी वीस वर्षांची मुलगी गेली तर ११,२०,००० रुपये. वेतन कितीही असले तरी हिशेबापुरते ते महिना १५,००० रुपयांच्या वर धरायचे नाही, असे केंद्राने २०२० साली ठरविले. म्हणजे त्या वयाला कमाल रक्कम १६,८०,००० रुपये. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर हीदेखील मालकाकडून मागता येत नाही. कुटुंबाला विम्याचे निवृत्तिवेतन मिळते. या सूत्रात कारखान्याचा नफा कोठेही येत नाही. दोष कोणाचा, हेही येत नाही. ज्याने झडप बदलली आणि ज्याने बदलली नाही, दोघांना गुणक एकच. आणि ती रक्कमही बहुधा विमा कंपनीच भरते.

व्यवस्थापकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सुरक्षेचा खर्च निश्चित आहे, आजचा आहे, दरमहाचा आहे. स्फोटाचा खर्च अनिश्चित आहे, कधीतरीचा आहे, त्याला कायद्याने वरची मर्यादा आहे आणि त्याचा विमा उतरविता येतो. या जमाखर्चात जो माणूस सुरक्षेवर काटकसर करतो तो राक्षस असण्याची गरज नाही. त्याला बेरीज येते एवढे पुरे. स्फोटांच्या मालिकेमागे कटाचा शोध घेणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की कट कोणी करावाच लागत नाही. वही तशी आखलेली आहे.

येथे आपल्यातील काही साथी माना डोलावतील आणि 'भांडवलशाही' एवढा एक शब्द उच्चारून पुढच्या ठरावाकडे वळतील. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. जवाहरनगरची निर्माणी खाजगी नाही. पुलगावचा दारूगोळा साठा सैन्याचा. तेथे ३१ मे २०१६ ला जवानांसह अनेक माणसे मेली. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच जुने तोफगोळे नष्ट करताना स्फोट झाला, तेव्हा मेलेल्यांत खोकी उतरविण्यासाठी कंत्राटदाराने आणलेले आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. सरकारी मालकी म्हणजे आपोआप सुरक्षितता, हा आपला जुना भाबडेपणा या मजुरांच्या प्रेतांपुढे टिकत नाही. हे मात्र खरे, की आयुध निर्माणींची मालकी कागदावर सरकारी राहिली तरी वही बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या ७ कंपन्या केल्या गेल्या. भंडारा म्युनिशन्स इंडियाच्या वाट्यास आला. कामगार संघटनांनी संपाची भाषा करताच संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी आणणारा कायदाही त्याच वर्षी झाला. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही असा कामगार तेथेही तयार झाला. मालक कोण यापेक्षा थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हातात, हा प्रश्न मोठा आहे.

आणि तो अधिकार या देशाच्या कायद्यात काही काळ होता! भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जे नवे प्रकरण घातले गेले, त्यात धोकादायक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात, कामगारांची संख्या कितीही असो, कामगार आणि व्यवस्थापन यांची समसमान सुरक्षा समिती बंधनकारक होती; धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या वस्तीला देण्याचे दायित्व मालकावर होते; आणि संकट जवळ आले असे वाटल्यास तसे कळविण्याचा हक्क कामगारांना होता. त्याच सुमारास दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील वायुगळतीच्या खटल्यात न्या. भगवतींच्या पीठाने पूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. धोकादायक उद्योगाला कोणताही बचाव नाही, आणि कंपनी जितकी मोठी व संपन्न तितकी भरपाई मोठी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य क्रांतिकारक होते, कारण त्याने वरच्या मर्यादेलाच हात घातला होता. विदर्भातील एखाद्या स्फोटानंतर ते लागू करण्याची भाषा कोणत्या मंत्र्याने काढली आहे? पाच लाखांचा धनादेश अधिक सोपा असतो.

तेथून पुढचा प्रवास उलटा आहे. २०१५ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून कारखान्याची व्याख्याच आवळली. विजेवर चालणाऱ्यांसाठी १० कामगारांची मर्यादा २० वर नेली, विजेविना चालणाऱ्यांसाठी २० ची ४० वर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तीच मर्यादा देशभर नेली. सुरक्षा समिती आता आपोआप बंधनकारक नाही. ती शासन आदेश काढील तेथे होईल. निरीक्षक हा निरीक्षक तथा 'सुविधादाता' झाला आहे. शब्दाने काय होते, असे म्हणू नका. ज्याने दार ठोठवायचे त्याला दार उघडून देण्याच्या कामावर लावले, की ठोठावणे बंद होते. 'इन्स्पेक्टर राज' संपविण्याच्या या घोषणेला टाळ्या वाजविणाऱ्यांत मध्यमवर्ग आघाडीवर होता, कारण लाचखोर निरीक्षक त्याने पाहिला होता. निरीक्षक लाच खातो, हे खरे आहे. बाजारगावच्या पहिल्या स्फोटानंतर काही आठवड्यांतच नागपुरातील स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, म्हणजे पेसोच्या, दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. प्रकरण परराज्यातल्या एका कारखान्याच्या परवान्याचे होते. देशभरच्या स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या या संघटनेचे मुख्यालय नागपूरलाच आहे, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे. पण तलाठी लाच खातो म्हणून कोणी सातबारा रद्द करा म्हणत नाही. निरीक्षकावर कामगारांची नजर बसविणे हा उपाय होता. निरीक्षणच काढून टाकणे हा नव्हे.

कार्यकर्त्यांनी या बाबतीत काय करावे, असे विचारले जाते. मोर्चा काढावा, अवश्य. परंतु स्फोटानंतर फाटकापुढचा मोर्चा चार दिवसांत विरतो आणि त्याचा कारखानदारांनाही आता सराव झाला आहे. त्याऐवजी, स्फोट झालेला नसताना, अर्ज करावा. खाजगी कारखान्याविषयीची जी माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला किंवा पेसोला कायद्याने घेता येते, ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. तेव्हा इमारतवार माणसांची मर्यादा, शेवटच्या तपासणीची तारीख, तीत दाखविलेल्या त्रुटी, त्या दूर केल्याचा दाखला आणि कंत्राटदारांची नावे व त्यांच्या परवान्यांवरील कामगारसंख्या मागावी. झालेल्या स्फोटांचे चौकशी अहवाल मागावेत. आयुध निर्माणीबाबत गुप्ततेचे कलम पुढे केले जाईल. तेथे त्याच कायद्याचे कलम ८(२), व्यापक लोकहिताचे, लावून धरावे. आणि जी पोरे मालेगाव तालुक्यातून, रिसोड-मंगरूळपीरकडून गाडीत चढतात, त्यांची नावे व जात असलेल्या कारखान्याचे नाव गावच्या शाखेने वहीत लिहून ठेवावे, म्हणजे निदान आपला माणूस कोणत्या इमारतीत, किती जणांसोबत कामाला आहे, हे आपल्याला आधी ठाऊक असेल. अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.